पहिले मन्हं तपास

जिजी गेल्या त्याला सव्वा महिना झाला. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं कोरीट गाव त्यांना जिजीच म्हणे. आदल्या संध्याकाळी चटणीत मीठ कमी म्हणून मला ऐकवलं आणि सकाळी हाक मारायला गेले तर… जाणं हेवा करावा असंच झालं. मी रडले, पण मन समाधानानं भरलेलं आहे.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला दिवस राहत नव्हते. दर महिन्याला अशा कळा येत की मी कोठीला धरून बसे. गर्भाशय जागेवरून सरकलंय, असं जिजींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. वाटीत कोमट एरंडेल घेऊन त्यांनी पाच वर्षं माझं पोट चोळलं. शेवटी भाऊबंदांनी ह्यांच्यासाठी शहाद्याकडची दुसरी मुलगी पाहिली. हे मान खाली घालून बसले. बोलल्या त्या जिजी, "कपाशी येचाई जाऊ द्या, मंग देखसूत." वेचणी होईपर्यंत विषय थांबला.

त्याच आठवड्यात त्यांनी मला नंदुरबारहून आगगाडीत बसवून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथल्या उंच टेबलावर चढायला मी काही केल्या तयार होईना. लाजेनं रडूच फुटलं. जिजींनी पदर खोचला आणि पाच बाळंतपणं झालेली ती बाई स्वतःच टेबलावर आडवी झाली! "पहिले मन्हं तपास वं बाई. ही देखी लेई."

बाई हसल्या, पण त्यांनी माझ्यादेखत जिजींना खरंच तपासलं. मग मी चढले. पिशवीचं तोंड फार अरुंद आहे, कळा त्यामुळेच येतात, असं बाईंनी सांगितलं. भूल देऊन ते रुंद करता येईल, पण मूल होईलच असा शब्द त्यांनी दिला नाही. जिजींनी तरीही ते करून घेतलं. परतताना गाडीत जिजी म्हणाल्या, "पाच वरीस मी भलतंच चोळं. मन्ही चूक शे." सासूनं सुनेला असं म्हटलेलं मी तरी दुसरीकडे ऐकलं नाही.

पुढं वर्ष कोरडंच गेलं, दिवस राहिले नाहीत. कपाशी घरात आली, शहाद्याच्या पाहुण्यांचा पुन्हा निरोप आला. जिजींनी तो परत पाठवला आणि मला पुन्हा त्याच टेबलाशी नेलं. तोंड परत आवळलं होतं, ते बाईंनी दुसऱ्यांदा रुंद केलं. त्यानंतर पाचव्या महिन्यात मला दिवस राहिले. सुमी झाली. पुढं दुसरं मूल झालं नाही, आणि जिजींनी त्याचा विषयही कधी काढला नाही. एरंडेलाच्या त्याच वाटीनं त्यांनी नातीला न्हाऊमाखू घातलं.

परवा देवी टोचणारे गावात आले. दहा वर्षांची सुमी माझ्या मागं लपली, हात पुढं करेना. मी बाही वर सरकवली. घरात जिजींच्या बोलीची आम्ही सगळे थट्टा करायचो, पण तोंडातून तीच निघाली, "पहिले मन्हं टोचा."

सुमी पदराआडून बाहेर आली. आधी माझ्या दंडाकडे पाहिलं, मग आपला हात पुढं केला.