दादाच्या हातात न फिरणारं स्टेअरिंग

भूतखेत, देवचार, करणी... असलं काही बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ सांगायचो — गाडी हलव, दुसरं गॅरेज शोध. सव्वीस वर्षं मेकॅनिक आहे मी. गाडी म्हणजे लोखंड आणि ग्रीस. बिघाड असला की सापडतोच. गेल्या मे महिन्यापर्यंत तरी हेच मानत होतो.

माझं गॅरेज मालवणहून कुडाळकडे निघालं की कुंभारमाठाच्या पुढे, उजव्या हाताला. थोरला भाऊ बस्त्याव, म्हणजे आमचा दादा, शेजारच्याच घरात राहतो. त्याचा जुना फोर-बाय-फोर ट्रक पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या काजूच्या बागेत, जिथे बैलही बिचकायचा, तिथे दादा तो नुसत्या मनगटाच्या जोरावर चढवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात लुळा पडला. उजवा ठणठणीत, पण ते जड स्टेअरिंग एका हाताने वळणार कसं? अंगणात खुर्ची टाकून तो दिवसभर ट्रकाकडे बघत बसायचा. मला बघवेना. म्हटलं, पॉवर स्टेअरिंग बसवतो, बागेपुरता परत चालवशील. रडला हो तो!

महिनाभर खपलो. पुढचा अ‍ॅक्सल नवा, चांगला जाडजूड; स्टेअरिंग बॉक्स, पंप, दांड्या, सगळं नवं. जुना अ‍ॅक्सल ठेवून दे, असं दादाने सांगितलं होतं. मी न विचारता भंगारात दिला. जागा अडत होती, बस्स. ट्रायल घेतली तर एका बोटाने फिरत होतं. वहिनीनेही बसून फिरवून बघितलं आणि हसली.

मग दादा बसला.

"फिरणा नाय रे."

"जोर लाव मरे!"

"लावतंय. फिरणा नाय."

त्याला उतरवून मी बसलो. लोण्यासारखं फिरलं. तो परत बसला — गच्च! असं चारदा झालं. गिऱ्हाइकं जमली होती, मला लाज वाटली, आणि सगळ्यांदेखत मी त्याच्यावर ओरडलो, "नाटकां कित्याक करतस? भियालस तर तसा सांग मा!" दादाच्या कपाळावरच्या शिरा तेवढ्या फुगल्या होत्या.

पंप बदलला. बॉक्स खोलून पुन्हा बसवला. पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडून गेले. शेजारच्या बाबीकाकांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही ख्रिस्ती माणसंही मागे उभं राहून "व्हय महाराजा" म्हणालो. मी! मी म्हणालो. काही उपयोग नाही.

शेवटी बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडीच काढून टाकली. आता ते स्टेअरिंग चाकांना जोडलेलंच नव्हतं, लहान पोरानेही फिरवलं असतं. दादाला म्हटलं, डोळे मीट. त्याच्या हातावर माझा हात ठेवला... फिरलं. हळूच उचलला. थांबलं. परत टेकवला, फिरलं. उचलला... डोळे मिटून, घामाघूम होऊन, सगळं अंग टाकून तो ओढत होता, आणि ते केसभर हललं नाही. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं.

मग मी ट्रकाला लाथा घातल्या. "शिरा पडो तुझ्यार! अ‍ॅक्सल मी विकलंय, राग माझ्यार काढ! माझ्या हातात कित्याक फिरतस?"

दादानेच मला धरून मागे ओढलं, चांगल्या हाताने. तेवढा जोर होता त्यात.

दांडी परत जोडली. इतर मेकॅनिकांनी तपासलं, कुणालाच दोष सापडला नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मला माहीत नाही. ट्रक दादा विकू देत नाही. बागेत मी चालवतो, तो शेजारी बसतो.

परवा चढावर तो म्हणाला, "बावीस वर्सां ह्या गाडीक धुतलंय, पुसलंय. मी तिचा काय वायट केलंय, ता इचार मा तिका. तुझा आयकता ती."

मी गियर टाकला. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.