दादांचं घड्याळ देवघरात गेलं तेव्हा

काही दिवसांपूर्वी एका सकाळी नवघरच्या आमच्या घरात, देवघराच्या उंबऱ्याशी बसून मी मोबाईलमध्ये एक आकडा बघत होते... आणि अंगावर काटा आला. तेव्हापासून कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून लिहितेय.

दादा म्हणजे माझे सासरे. एकेकाळी घरची मिठागरं होती, आता आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत. पण दादांची सकाळ तीच. आंघोळ, सोवळं, पाटावर मांडी घालून पूजा आणि मग जप. सासूबाई गेल्यापासून तर तो जपच त्यांची सोबत आहे.

अलीकडे त्यांना सकाळची चक्कर यायला लागली. एकदा देवघरातच भिंत धरून खाली बसले. ह्यांच्या तोंडून घाबरून निघून गेलं, "दादा, उद्यापासून पूजा आम्ही करतो. तुम्ही फक्त नमस्कार करा." त्या दुपारी दादा ताट तसंच ठेवून उठले.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या तपासण्यांआधी चक्कर येते तेव्हा नाडी कशी चालते ते तरी बघू. आमच्या पूर्वाने, म्हणजे मुलीने, आजोबांना स्मार्टवॉच पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले, ते सकाळभर हातात राहू दे, आणि तोवर पूजेच्या वेळी कुणीतरी जवळ बसा.

दादांना घड्याळ आवडलं होतं. पण आंघोळीआधी काढायचे ते पूजा संपल्यावरच घालायचे. म्हणजे नेमकी चक्कर यायची वेळ कोरी!

"चामड्याचा पट्टा हाय त्याला," दादा म्हणाले. "त्या हातानं देवाला आंघोळ घालू? न्हाय जमायचं, सूनबाई."

चामड्याची पर्स तर मीही देवघरात नेत नाही.

मग मी एक शक्कल लढवली. जुन्या रेशमी सोवळ्याची पट्टी कापली, दादांच्या मनगटाला गुंडाळली आणि वरून घड्याळ बांधलं. मध्ये रेशीम असलं की विटाळ लागत नाही, असं सासूबाई सांगायच्या. दादाही खूश, मीही खूश. आणि घड्याळात... एकही आकडा नाही!

पूर्वाला फोन केला तर ती हसतच सुटली. "आई, मागचा हिरवा लाइट म्हणजे त्याचे डोळे समज. तो कातडीला टेकायला हवा. तू डोळेच बांधलेस बिचाऱ्याचे! अगं, पट्टा बदल ना. खोक्यात रबराचा दुसरा पट्टा आहे."

खोके मी कधी टाकत नाही, त्यावरून घरात रोज बोलणी खाते. त्या दिवशी तोच खोका कामाला आला. पुठ्ठ्याखाली राखाडी रंगाचा नवाकोरा पट्टा निघाला... नवीन घ्यायचा खर्च वाचला!

मला वाटलं होतं, घड्याळवाल्याकडेच जावं लागणार. पण पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक बारीक खटका असतो. तो नखाने सरकवला की पट्टा अलगद हातात येतो. नवा लावताना त्याच्या बारीक दांडीचं एक टोक घड्याळाच्या भोकात बसवायचं, खटका ओढून धरायचा, दुसरं टोक बसवायचं आणि सोडायचं. टक्! मग जरा ओढून बघायचं. चष्मा लावून बसले आणि जमलं हो मला...

दादांनी पट्टा उलटासुलटा करून बघितला, वास घेतला. मग स्वतःच त्यावर गंगाजळ शिंपडलं आणि हात पुढे केला. "बांध."

तर ती सकाळ. दादा पूजेला बसले, मी उंबऱ्याशी मोबाईल घेऊन. देवांना आंघोळ, गंध, फुलं... घड्याळाकडून मोबाईलवर येणारा नाडीचा आकडा वरखाली होत होता. मग दादांनी माळ हातात घेतली, डोळे मिटले. आणि आकडा हळूहळू उतरायला लागला... उतरला आणि एका जागी स्थिरावला. वारा पडल्यावर मिठागरातलं पाणी व्हायचं ना, तसा.

इतकी वर्षं मी त्यांना जप करताना बघतेय. ओठ हलताना दिसायचे, माळ फिरताना दिसायची. आत काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. मी नकळत हात जोडले... देवाला की मोबाईलला, मलाच कळलं नाही.

जप संपला. दादा नेहमीसारखे हाताचा टेका न घेता झटकन उठले, आणि आकड्याने एकदम उडी मारली. दादांचा हात भिंतीकडे गेला. मी धावत जाऊन त्यांना धरलं.

डॉक्टरांनी मोबाईलमधला नाडीचा आलेख बघितला, झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं. उभं राहताच ते उतरत होतं, म्हणून बीपीची सकाळची गोळी बदलली. मग दादांकडे बघून म्हणाले, "आजोबा, पूजा बंद करायचं कारण नाही. उठायची घाई तेवढी बंद करा." दादांनी ह्यांच्याकडे असं बघितलं की ह्यांनी मान खाली घातली!

आता जप झाला की दादा आधी छोट्या स्टुलावर बसतात, पाणी पितात, मग उठतात. आंघोळीला जाताना पट्टा साध्या पाण्याने धुतात, कोरडा पुसतात. मनगटही पुसतात, नाहीतर ओलसरपणाने पुरळ येतं. घट्टही बांधत नाहीत, एक बोट जाईल इतका सैल.

फक्त देवाच्या हळदीने पट्टा पिवळा पडलाय. साबण लावून बघितला, निघेना. मी हळहळत होते तर दादा म्हणाले, "राहू दे गो. हळद लागली, आता घरचा झाला. तुला पन अशीच आणली ना?"

आज सकाळी दादा आंघोळीला गेले तेव्हा माझ्या माजघरातल्या दोरीवर त्यांचं सोवळं वाळत होतं आणि शेजारी तो धुतलेला पिवळा पट्टा. न्हाणीतून दादांचा स्तोत्र म्हणायचा आवाज येत होता... देवा, तो असाच येत राहू दे.