बसूची गिटार ऐकू आली का?

ऑर्केस्ट्रातली गाणी विसरली जातात, किस्से तेवढे राहतात. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचा आमचा ऑर्केस्ट्रा कधीच मोडला. पण जुन्यांपैकी दोघं जरी कुठं भेटले तरी समोरचा चहा थंड होतो आणि विषय फिरून फिरून बसूवर येतो!

बसू म्हणजे बसवराज. उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, आमचा गिटारवाला. मी काँगो वाजवायचो. बसूनं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक डबा बनवून घेतला होता. त्याच्यावर पाय दिला की गिटार वाघासारखी गुरगुरायची. असला आवाज लातूर-नांदेडात कुणाकडं नव्हता!

*

पहिलाच कार्यक्रम लातुरात. बसूनं डबा फुल सोडला. स्टेजच्या फळ्या हादरल्या! संपल्यावर त्यानं पुढच्या रांगेतल्या सख्ख्या मामाला हौसेनं विचारलं, "मामा, गिटार कशी वाटली?"

मामा म्हणाले, "गिटार कुठं व्हती? मला वाटलं, जनरेटर बिघडलाय!"

*

बसूला वाटलं, आवाजात वजन कमी पडतंय. त्यानं बास, म्हणजे खर्जाचा आवाज, वाढवला. आता तो आणि बास गिटारवाला सलीम, दोघांचं मिळून नुसतं गूं-गूं-गूं.

सलीम एरवी शब्दाला महाग माणूस. पण एका तालमीत त्यानं वाजवणं थांबवलं आणि सरळ हात जोडले. "बसूभाई, हे माझं ताट हाय. तू तुझं येगळं वाढून घे की!"

*

शेवटी आमचे मालक अण्णा तापले. "पुढच्या कार्यक्रमाला नायगावात गिटार ऐकू आली न्हाई, तर तिच्या जागी अ‍ॅकॉर्डियन बसवीन!"

बसूचं तोंड एवढंसं झालं. त्याला दोन दिवस जेवण गोड लागेना. तेव्हा आमच्या गायिका शकूताई त्याला म्हणाल्या, "बसू, माणूस लई चिडला की काय बोलायलाय तेच कळत न्हाई. तुझ्या गिटारीला जरा निम्मंच चिडू दे."

बसूनं डबा निम्म्यावर आणला, बास उतरवला, मधला सूर वर काढला. एकट्यानं वाजवून बघितलं तर पत्रा बडवल्यासारखं! "ही काय गिटार हाय का?" म्हणत रडकुंडीला आला. पण आम्ही सगळ्यांनी सुरुवात केली आणि त्या कल्लोळातून गिटार आरपार बाहेर आली. एकेक सूर स्वच्छ!

नायगावात वन्समोअर! अण्णा पडद्यामागं नाचायलेले. शकूताई मात्र स्टेजवरून उतरल्या त्या फणफणतच. "गधड्या, आता मी ऐकू येईना!"

*

मग दुष्काळ पडला. निलंग्याकडच्या एका गावात संध्याकाळी कार्यक्रम. बसूचा सोलो ऐन रंगात, आणि कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!"

झालं! सतरंज्या रिकाम्या. मैदानाच्या पार त्या टोकाला घागरी, बादल्या, टँकरची घरघर, एकच गलका. बसू आपला डोळे मिटून वाजवायलाय. डोळे उघडले तर समोर फक्त एक कुत्रं.

त्याचा हात तारांवरच थबकला. चेहरा बघवेना. तिकडं टँकरपाशी रांग मोडून रेटारेटी सुरू झाली.

तेवढ्यात टँकरकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "आरं ए गिटारवाल्या, थांबलास कशाला? तू वाजवत व्हतास तवर लाईन सरळ व्हती!"