त्या रविवारी पुढे कोण होते

साकोलीला फौजदार असतानाची एक केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. सत्तरचे दशक सरत आले होते. गावात गाड्या मोजक्याच. राईस मिलवाल्याची ॲम्बेसेडर, लाकूड ठेकेदाराची जीप आणि कापड दुकानदाराची जुनी फियाट. हे तिघे मित्र रविवारी सकाळी हायवेवरच्या टपरीवर चहा घेत आणि मग लाखनीपर्यंत शर्यत लावत.

दुकानदाराची टिंगल ठरलेली. "शेठ, तुमच्या फियाटच्या पुढं धानाची बैलबंडी जाते," ठेकेदार म्हणायचा.

"इंजिन तापते ना भाऊ," तो हसून सांगायचा.

मीही तिथे उभा राहून हसलो आहे. शर्यत मात्र कधी थांबवली नाही.

धानाची रोपे लावायच्या, रोवणीच्या दिवसांत, अशाच एका रविवारी, शेतावर निघालेल्या पन्नाशीच्या बाईला गाडीने उडवले. भंडाऱ्याच्या रुग्णालयातून ठाण्यात खबर आली. मांडीचे हाड मोडले होते. कुणीतरी तिला गाडीतून आणले, 'रस्त्यावर पडलेली दिसली' असे सांगितले आणि नाव न देता निघून गेला.

बाईचा जबाब घेतला. "खाली पाहून चालली होती, साहेब. काईच नाही दिसलं," एवढेच ती म्हणाली.

गुन्हा नोंदवून जागेचा पंचनामा केला. हेडलाइटच्या काचेचे तुकडे मिळाले. आठवड्याने टपरीवाला ठाण्यात आला. "साहेब, ते तिघं चहाले येऊन राहिले, पण गाडीची गोष्टच नाही काढत."

तिघांना वेगवेगळे बसवून विचारले, त्या दिवशी पुढे कोण होते? एरवी पहिल्या नंबरासाठी भांडणारे तिघेही म्हणाले, मी सर्वांत मागे होतो. दुकानदाराचे मला लगेच पटले. त्याला चहा पाजून घरी पाठवले आणि दोन दिवस बाकीच्या दोघांच्या गाड्या तपासत बसलो. त्यांच्या हेडलाइटच्या काचा जुन्याच, न बदललेल्या निघाल्या.

पुरवणी जबाबासाठी मी पुन्हा रुग्णालयात गेलो. बाईच्या खाटेशी दुकानदार बसला होता, तिला चमच्याने पेज पाजत. मला पाहताच त्याचा हात थांबला.

"हा रोज बसनं येते, साहेब," बाईच म्हणाली. "माह्या घरच्यायले रोवणी टाकून येता नाही येत."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होते?"

"मले गाडीत घालून आणलं तवा रडून राहिला होता. दुसरा असता तर सोडून पळाला असता. कायले नाव सांगू त्याचं?"

दुकानदार उठून उभा राहिला. "त्या दिवशी पहिल्यांदाच पुढं निघालो होतो, साहेब. मागचे दोघं किती मागं राहिले, ते आरशात पाहत होतो. समोर पाहिलंच नाही."

त्याने नागपूरला जाऊन काच बदलली होती. फुटलेल्या काचेचा उरलेला भाग त्याच्या घरी मिळाला आणि आमच्या तुकड्यांशी जुळला.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड झाला, लायसन्स निलंबित झाले. साक्षीची गरज नसताना बाई काठी टेकत आली होती. संध्याकाळी ती दोघे एकाच बसने साकोलीला निघाली. त्याने तिची काठी धरली, तिला हात देऊन वर चढवले. "मावशी, खिडकीपाशी बसा," तो म्हणाला. "तूच बस. मले वारं लागते," ती म्हणाली.

त्या केसआधी मी आरोपी आणि भला माणूस अशा दोन वेगळ्या जाती मानत होतो. खटल्याआधी दोषारोपपत्रात मी बेदरकारपणा लिहिला, खबर लपवल्याचेही लिहिले. शेवटी स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली: जखमीस आरोपीनेच उचलून रुग्णालयात नेले. वरिष्ठ म्हणाले, ही ओळ कशाला? मी ती खोडली नाही. तेव्हापासून कुठल्याही माणसाविषयी कागद करताना, अशी एखादी ओळ राहून तर गेली नाही ना, हे मी सही करण्याआधी पाहत आलो.