प्रकाशाला तिखटाचं उद्यापन

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही नंदुरबारहून प्रकाशाला निघालो. बैलगाडीत मी, सासूबाई, शिध्याचं गाठोडं आणि लाल मिरच्यांनी भरलेलं एक सूप. मिरच्या भटजींना दान द्यायच्या, त्यातलीच एक ठेचून मी सगळ्यांसमोर भाकरीशी खायची, म्हणजे माझा तिखट न खाण्याचा पाच वर्षांचा नेम सुटणार होता. हे दारापर्यंत आले. "देवनं काम शे, तुम्ही बाया उरकी या," म्हणाले आणि आत गेले.

नेमाची गोष्ट आधी लिहिते. सात वर्षांपासून माझं पोट दुखतं. बेंबीच्या खाली उजव्या अंगाला ओलं लुगडं पिळावं तशी आतडी पिळतात. जेवल्यावर घटकाभरानं सुरू होतं. दिवसातून आठ-दहा वेळा परसाकडे पळावं लागतं, कधी रक्त पडतं. महिना-दोन महिने बरे जातात, वाटतं गेलं एकदाचं, आणि एका सकाळी पुन्हा तेच. वैद्य म्हणाले, संग्रहणी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. आतड्याला जुनी सूज आहे, बरी होईल असं सांगवत नाही, तिखट आणि जाडंभरडं सोडा, मऊ भात खा, एवढं म्हणाले. ते मी घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईनी जातले पोट दुखसच." (बाईच्या जातीला पोट दुखतंच.) विषय संपला. आमच्याकडे रोज भाकरी, तांदूळ पाहुण्यांपुरता, तोही पेटीत कुलपाआड.

मग नणंदेच्या लग्नात पंगतीला माझ्या पानात खुडा (भाजून ठेचलेली मिरची) आला. मी तो कडेला सारला. मामेसासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "नवरीना नखरा परवडना, पन हिना नही." (नवरीचा नखरा परवडला, पण हिचा नाही.) सगळी पंगत हसून माझ्याकडे बघू लागली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या दिवशी एवढाच फुटला, की माझा तिखटाचा नेम आहे. लगेच हसणं थांबलं. मामेसासूबाई स्वतः उठल्या आणि माझ्यासाठी दूधभात घेऊन आल्या.

पोटासाठी म्हटलं तर नखरा, देवासाठी म्हटलं तर दूधभात. तो भात गिळताना मला राग आला होता. पण खोटं मी चालू ठेवलं. कुणाकडेही गेले की माझ्या पानात गुपचूप भात पडायचा; घरी भाकरीच, पण बिनतिखटाची. सासूबाईंना तर माझ्या नेमाचा मोठा अभिमान. दळायला आलेल्या बायकांना सुद्धा सांगायच्या. आता त्यांनीच हिशोब घातला की पाच वर्षं भरली, उद्यापन केलं नाही तर घराला दोष लागेल. मी दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

गाडी करीमचाचांची. म्हातारे, पांढरी दाढी, तोंडात सतत काहीतरी चाललेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची बोंडं फुटलेली, ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर. उत्तरेला सातपुडा निळी रेघ ओढल्यासारखा. बघण्यासारखं होतं, पण मी गोधडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि प्रत्येक चाकोरीचा खड्डा मला आतून मोजावा लागत होता. दोन कोस गेल्यावर पोटात कळ आली. गाडी थांबवा म्हणायला जीभ रेटेना. चाचांनी मागे एकदा पाहिलं आणि बैल थांबवले.

"काय व्हयनं?" सासूबाईंनी विचारलं.

"बैल दमी गयात, माय."

"आते तं निंघनूत."

"बैल मन्हा शेतस. मी जानस, दमनात का नही." ते खाली उतरून जूं तपासत बसले, आमच्याकडे पाठ करून. मी तांब्या घेऊन ज्वारीत गेले. असे ते बैल नदीपर्यंत चार वेळा दमले.

चौथ्या वेळी सासूबाई विहिरीवर पाणी प्यायला गेल्या, तेव्हा चाचा बैलाच्या मानेवर हात फिरवत, बैलालाच सांगावं तसं म्हणाले, "मन्ही कंबर बीस सालथी दुखस. मी बठ्ठासले (सगळ्यांना) सांगस. आते लोके माले देखीसन रस्ता बदलतस. बदलू द्या. पन बठ्ठासले माहीत शे." मी पदर पुढे ओढून दुसरीकडे पाहिलं. परक्या माणसाशी मी काय बोलणार? पण माझं दुखणं न सांगता पहिल्यांदा ओळखलं ते या परक्या माणसानं, आणि माझ्या घरात सात वर्षांत कुणी ओळखलं नाही, याचा मला संताप झाला. चाचांचा सुद्धा थोडा झाला, त्यांनी ओळखावं म्हणून.

दुपारी तापीवर पोहोचलो. पावसाळ्यानंतरचं पाणी निवळलेलं, पात्र रुंद, काठाला काळे खडक. वाळूत डांगराच्या (टरबुजाच्या) वेलांसाठी खड्डे घेणं चाललं होतं. प्रकाशा पलीकडच्या काठाला, म्हणून चाचा गाडीपाशी थांबले आणि आम्ही नावेत बसलो. नावेत तीस-चाळीस बायका, कोंबून बसवलेल्या. सासूबाईंनी तेवढ्यातही शेजारणीला सांगितलं, "सूनना नेम शे, पाच वरीसथीन तिखटले हात नही." त्या बाईनं माझ्या हाताला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला.

प्रकाशात आम्ही सासूबाईंच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवर उतरलो. घरच्या बाईनं मला दूधभात वाढला. "खाई ले वं आज. सकायपाइन वांगानं भरीत आन भाकर." (उद्या सकाळपासून वांग्याचं भरीत आणि भाकरी.) ती चांगल्या मनानं बोलली. मी भात शितं मोजत खाल्ला.

सकाळी नदीवर गेलो. पाणी गार, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. अंघोळी झाल्यावर महादेवाच्या देवळाखालच्या घाटावर भटजींनी पाट मांडला. पाच सवाष्णी ओल्या केसांनी बसल्या. मंत्र झाले, सुपावर पाणी सोडलं. सासूबाईंनी मिरची स्वतःच्या हातानं ठेचून, मीठ घालून भाकरीच्या तुकड्यावर लावली होती. तो तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"ज्याचा त्याग केला तेच खाल्लं म्हणजे नेम सुटतो," भटजी म्हणाले. "घ्या, बाई."

"खाय वं," एक सवाष्ण हसून म्हणाली. "पाच वरीसनी भूक शे, आखी भाकर मांगशी."

मागच्या वर्षी चुकून एक तिखट घास गेला होता, तेव्हा मी बारा दिवस अंथरुणावर होते आणि मला नजर लागली असं घरच्यांना वाटलं होतं. ते बारा दिवस आठवले. आणि हा एक घास नव्हता. उद्यापासून रोजचं पान होतं. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना दोन पायऱ्या खाली नेलं. त्यांना असं ओढायची ही माझी पहिलीच वेळ.

"आत्याबाई, नेम नव्हता. मन्हं पोट दुखस. हाई खादं तं मी मरी जासू."

"पाच वरीस खोटं? आखा गावले सांगं मी."

"खोटंच."

"पहिलेच काबर नही सांगं?"

"सांगं व्हतं. तुम्ही म्हनात, बाईनी जातले पोट दुखसच."

सासूबाई नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग तुकडा माझ्या हातातून घेऊन पाण्यात टाकला, वर गेल्या आणि भटजींना म्हणाल्या, "महाराज, उद्यापन नही करनं. मन्ही सूननी जलमभरले तिखट सोडं."

"वा," भटजी म्हणाले. "असा त्याग विरळा." सूप मात्र त्यांनी ठेवून घेतलं. पाचही सवाष्णी उठल्या आणि एकेक करून माझ्या पाया पडल्या. त्यांच्या केसांचं गार पाणी माझ्या पावलांवर गळत होतं. मला पाय मागे घ्यायचे होते, पण मागे भिंत होती.

परतीच्या नावेत सासूबाई हळूच म्हणाल्या, "आते तुले कोनी बोलाव नही." (आता तुला कुणी नावं ठेवणार नाही.) त्यांनी मला वाचवलं हे खरं आहे. त्या तुकड्यापासून वाचवलं आणि दुखणं जन्मभरासाठी बुजवून टाकलं. कुठे दुखतं, कधी दुखतं, हे त्यांनी तापीच्या या काठापर्यंत विचारलं नाही, पुढे घरापर्यंतही नाही. मी मेले तर लोक म्हणतील, मोठी नेमाची बाई होती. हे मनात आलं आणि मला नावेतून उठून उभं राहावंसं वाटलं.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. चाचा गाठोडं उतरवत होते. ह्यांनी विचारलं, "व्हयनं का उद्यापन?" सासूबाई बोलणार, त्याआधी मी बोलले.

"नही व्हयनं. नेम नव्हताच. सात वरीसथीन मन्हं पोट दुखस. डॉक्टरनी भात सांगेल शे."

हे आईकडे पाहू लागले. "माले काय देखस?" त्या म्हणाल्या. "तिले इचार."

त्यांनी विचारलं नाही. मी तांदळाच्या पेटीची किल्ली मागितली. सासूबाईंनी कमरेची सोडून दिली, पण देताना म्हणाल्या, "पाव्हना उनात तं काय घालशी?" (पाहुणे आले तर काय वाढशील?) मी किल्ली पदराला बांधली.

एक वाक्य बोलायला मला सात वर्षं आणि जाऊन-येऊन दोन दिवसांचा प्रवास लागला. लोक म्हणतात यात्रेनं मन शांत होतं. माझं झालं नाही. इतक्या साध्या गोष्टीला देवाची आड लागावी, याचा राग मी प्रकाशाहून जसाच्या तसा घेऊन आले.

भात मऊ शिजवला आणि गरम असतानाच, पुरुषांच्या आधी, चुलीपाशी बसून खाल्ला. घटकाभरानं दुखायला लागलंच. एरवी मी कोठीच्या खोलीत दार लोटून पडते. त्या दिवशी ओसरीवर, सगळ्यांच्या देखत आडवी झाले. ह्यांनी विचारलं, भाकरी कोन टाकी?

मी म्हटलं, माहीत नाही.