वीतभर आखूड पट्टा

धुळ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर अक्काच्या मँडोलिनचा पट्टा होता आणि तोंडात पिन. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी पिन तोंडातून काढली, पट्ट्याच्या दुमडीत टोचली आणि फोन ठेवला. तिथं टीप घालायची होती... ती राहिली.

अक्का माझी थोरली नणंद. मी नवी नवरी होऊन अमळनेरला आले तेव्हा घरचीच गायन पार्टी होती. माझे यजमान ढोलकीवर, अक्का मँडोलिनवर. आणि ती उभी राहून वाजवायची. गळ्यातली दोरी काचते, असं एकदा ती कुरकुरली. मी शिवणक्लास केलेली. माझ्यावाचून गावाचे कपडे अडलेत अशा तोऱ्यात वावरणारी. लगेच माझ्या परकराची नवी, रुंद नाडी काढली. तिचं एक टोक मँडोलिनच्या बुडाशी बांधलं आणि दुसरं, अकलेचा कांदा मी, थेट तारा पिळायच्या खुंट्यांना! पारोळ्याच्या लग्नात अक्कानं दुसरं कडवं धरलं नि ओढीनं खुंट्या फिरल्या. सूर भलतीकडे गेले, गाठ सुटली. तिनं मँडोलिन गुडघ्यावर झेललं आणि माइकवरच ओरडली, "वहिनी, तुना परकर सांभाळ व माय!" मांडव हसत सुटला. आणि मी बावळट, खरंच परकर चाचपून पाहिला.

पुढं यजमान गेले, पार्टी मोडली, तरी जयंतीला विहारासमोर अक्का वाजवायचीच. मग तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी मँडोलिन मागितलं. पट्टा डाव्या खांद्यावरून आडवा जायचा, म्हणजे नेमका त्या जागेवरून. तिनं तो घातला आणि डोळे मिटून घेतले.

"खुर्चीवर बसून वाजव ना," मी म्हटलं.

"बसले की बघणारे म्हणतील, अक्का आजारी शे."

मी जुन्या लुगड्याची जाड घडी घालून पट्टा मऊ केला. तो हातात तोलून ती म्हणाली, "मना खांदावर आते गादीबी टाकी दे!" मऊपणानं भागणार नव्हतंच; भार तिथं पडतच होता. अखेर तिनंच युक्ती काढली. गल्लीतल्या सुताराकडून मँडोलिनचा दांडा खोक्याला मिळतो तिथं एक बटण बसवून घेतलं, पट्ट्याचं वरचं टोक त्यात अडकवलं आणि पट्टा गळ्यात न घालता, पिशवी लटकवावी तसा नुसत्या उजव्या खांद्यावर घेतला. डावी बाजू मोकळी राहिली. त्या जयंतीला तिनं उभं राहून वाजवलं. खाली उतरल्यावर मात्र मला धरून कितीतरी वेळ नुसती उभी होती.

दुखणं परत आलं. धुळ्याच्या दवाखान्यात खाटेच्या कडेला बसून तिनं पट्टा खांद्यावर घेतला, तर मँडोलिन पार मांडीवर गेलं.

"वीतभर कमी कर," ती म्हणाली.

"मँडोलिन वाढलं का काय, अक्का?"

"हा ना. माझं बठ्ठं जेवण खाऊन माजलंय."

हसताना तिला कळ आली. मी नजर खिडकीकडे वळवली... अक्का आटल्याचं आम्ही दोघींनी तोंडातून काढलं नाही. "घरी सोडलं की एकदा उभी राहून वाजवीन," म्हणाली. पट्टा मी अमळनेरला घेऊन आले.

परवा भाचा मँडोलिन आणून देऊन गेला. पट्टा लावला. दुमडीतली पिन तशीच होती. ती काढली तर पट्टा पुन्हा धडधाकट अक्काच्या मापाचा होईल, म्हणून काढवेना. घरात कुणी नव्हतं. म्हातारपणी थेर, पण मी उजव्या खांद्यावर घेऊन पाहिला. मँडोलिन थेट माझ्या हनुवटीला टेकलं, हात घालायलाही जागा उरली नाही.

एवढीशीच उरली होती अक्का.