चिंतामणीला मी ढकललं

देवीच्या गावात राहून मी देवीलाच फसवलं, हे आता कबूल करतो. मला मोटारसायकल घ्यायची होती. मिस्त्रीकडं दोन जुन्या गाड्या होत्या. एक हलकी, बोळांतून कचेरीला जायला सोयीची. दुसरी म्हशीएवढी, सोलापूरच्या सडकेवर उडवायला.

बायको म्हणाली, "अहो, कचेरीला रोज जाता. सोलापूरला वर्षातून दोनदा. हलकीच घ्या."

ती बरोबर बोलली, म्हणून मला राग आला. "देवीलाच विचारू," मी म्हणालो.

तुळजापूरच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर हात टेकवून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. मी मोठ्या गाडीचं विचारलं. दगड डावीकडं हलू लागला. मी मनगटांचा जोर लावून त्याला उजवीकडं फिरवलं. शेजारी बायकोनं भक्तीनं हात जोडले.

मोठी गाडी घरी आली, पण किक मारून सुरूच होईना. रोज सकाळी बायको पदर खोचून ती मागून ढकलायची, आणि देवीनं दिलेली गाडी म्हणून चकार शब्द काढायची नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. महिनाभरात मला अन्न गोड लागेना. शेवटी सगळं सांगून टाकलं.

"देवीला ढकललंत व्हय? लई जोर आहे की अंगात!" असं म्हणून ती गाडीवर चढून बसली. "चला मंडईत. ढकला."

मंडईपर्यंत सगळा चढ होता.